शिवा तेरकर गेल्याची बातमी

शिवकांता येडशीच्या बाजारपेठेमागं राहायची. नवरा मल्लिकार्जुन याचं भांड्यांचं दुकान, मुलगी लातूरला शिकायला. सकाळी दहानंतर घर रिकामं व्हायचं, आणि त्या रिकाम्या घरात बसून ती 'तारकादर्पण' नावाच्या सिनेमासिकासाठी लिहायची.

मासिक मुंबईचं. लग्नाआधी ती त्याला पत्रं पाठवायची आणि त्यातली सात छापून आली होती. तेव्हा एकेका सिनेमावर सहा-सहा पानं असत. अमक्या दृश्यात उजेड खिडकीतून का आला, तमक्या गाण्यात नायिका पाठमोरीच का ठेवली, असं कुणीतरी सिनेमा तीन-तीनदा पाहून लिहिलेलं असायचं. पुढं कागद बंद झाला, मासिक मोबाईलवर गेलं आणि त्याला रोज चाळीस बातम्या लागायला लागल्या. त्यातल्या दहा-बारा शिवकांताच्या. गौरीशंकर सर नावाचे संपादक होते. त्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं, फक्त त्यांचे निरोप यायचे. ते फोटो आणि मथळा पाठवायचे, मधला मजकूर तिचा.

परीक्षणंही तीच लिहायची. सिनेमा पाहायला धाराशिवला जायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि परीक्षण तर शुक्रवारी सकाळी नवालाच लागायचं. त्यामुळं ती झलक बघायची, दोन-चार ठिकाणचं वाचायची आणि लिहून टाकायची. तीन ताऱ्यांच्या खाली जायचं नाही, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सहा वर्षांत एकाही वाचकानं तिला विचारलं नाही की बाई, हा सिनेमा तुम्ही पाहिलाय का. तरी तिला बारीकशी भीती असायचीच. कुणीतरी, कधीतरी विचारील.

पौषातल्या एका मंगळवारी साडेदहाला सरांचा निरोप आला. 'मारामारीवाला शिवा गेला. जुना माणूस. तुमच्याच जिल्ह्यातला दिसतोय. दहा मिनिटांत द्या, आपण पहिले असलो पाहिजे.' सोबत एका दांडग्या, मिशाळ माणसाचा जुना फोटो.

शिवा तेरकर हे नाव तिनं ऐकलं होतं. तेरचा माणूस, तीस-पस्तीस वर्षं मुंबईत सिनेमात पडेल ते काम केलेला. खलनायकाच्या मागं उभा राहणारा, जिन्यावरून गडगडणारा, घोड्यावरून पडणारा. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर नाव आलंच तर नुसतं 'शिवा'. म्हातारपणी तो गावी परतला होता. तेर काही लांब नव्हतं. एक फोन केला असता तर कळलं असतं. पण दहा मिनिटं होती, आणि सर सांगतायत म्हणजे खरंच असणार.

तिनं लिहिलं, 'ज्येष्ठ अभिनेते शिवा तेरकर यांचे आज पहाटे राहत्या घरी अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' शेवटी तिचं नाव आणि फोन नंबर, 'प्रतिनिधी, धाराशिव'. बातमी गेली. पुढची बातमी कुण्या नायिकेच्या साडीची होती.

तीन वाजता फोन वाजला. अनोळखी नंबर.

"शिवकांताबाई का?"

"हो. कोण?"

"म्या शिवशंकर. तेरहून बोलायलोय." आवाज जड होता, थकलेला. "तुमी मला शिवा तेरकर म्हून वळखत असाल. सकाळी तुमी माजी खबर लिवलीय."

शिवकांताच्या हातातला फोन घसरला. ती उचलायला वाकली. खालून आवाज येत होता. "बाई? ऐकायलाव का? म्या जित्ता हाय."

तिनं फोन बंद केला.

तिनं सरांना कळवलं. पाच मिनिटांत बातमी काढली गेली आणि त्यांचा निरोप आला. 'कुणाशीही बोलू नका. मासिकाचं नाव कुठंही घेऊ नका. दोन दिवसांत लोक विसरतात.' माफी मागायची का, असं तिनं विचारलं. त्याला उत्तर आलं नाही.

पण बातमी काढली म्हणजे परत आली असं होत नाही. तोवर ती गावोगावच्या गटांवर फिरली होती. संध्याकाळी मल्लिकार्जुन दुकानातून आला. जेवताना म्हणाला, "तेरचं एक गिऱ्हाईक आलं होतं. तिथं फ्लेक्स लागलाय म्हणे, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. एस्टी थांब्यावर. तरुण मंडळानं बारा वाजताच छापून आणला."

"आता काढला असेल."

"ते काय ठाऊक." त्यानं भाकरी मोडली, पण घास घेतला नाही. "त्या माणसाची बायको ईटला गेली होती, भावाकडं. भावाच्या पोरानं मोबाईलवर वाचून दाखवलं. हिकडं म्हातारा दुपारचा झोपलेला, फोन बंद. तास-दीड तास लागंना. तिकडं भावकीतल्या बायांनी तिचं कुंकू पुसलं. बांगड्या फोडल्या."

शिवकांता ताटावरून उठली आणि मोरीत जाऊन तिनं चूळ भरली. आरशात तिच्या कपाळावरची विभूती तशीच होती. मनगटात हिरवा चुडा होता. तिनं हात पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी बरोबर तीनला फोन आला. तिनं घेतला नाही. तिसऱ्या दिवशी तीनला, चौथ्या दिवशी तीनला. म्हातारा एकदाच लावायचा, पूर्ण वाजू द्यायचा आणि ठेवायचा. शिव्या नाहीत, धमकीचा निरोप नाही. हेच तिला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर काय हवंय ते कळलं असतं. दोनपासूनच ती घड्याळाकडं बघत राहायची. एकदा तिनं फोन बंद करून गव्हाच्या डब्यात ठेवला, तरी तीनच्या ठोक्याला तिचे कान डब्याकडंच लागले.

सोमवारी ती रामलिंगाच्या देवळात गेली नाही. भाजीला गेली नाही. गल्लीत मोटारसायकल थांबली की ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. सरांकडून बातम्या येतच होत्या आणि ती त्या लिहीतच होती, पण कुणी आजारी, कुणी दवाखान्यात असं आलं की तिची बोटं अडायची. एका नटाचं लग्न मोडल्याची बातमी तिनं तासभर नुसती बघत ठेवली. मोडलं असेल का? कुणी सांगितलं? त्याच्या बायकोला माहीत असेल का?

आठव्या दिवशी मोटारसायकल तिच्याच दारात थांबली. कडी वाजली. शिवकांता भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"बाई, म्या नंदीश. तेरहून आलोय. शिवशंकरमामांचा भाचा." माणूस तिशीचा वाटत होता, आवाजावरून. "तुमी घरात हाव ते ठावं हाय मला. दुकानात इचारून आलोय."

तिनं कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं.

"मामीचं बरं न्हाय. लई वंगाळ चाललंय. मामांनी एकदा घरला बोलावलंय. तेवढंच सांगायला आलो."

तो थोडा थांबला, मग गाडी सुरू झाली. शिवकांता तिथंच खाली बसली. मामीचं बरं नाही. म्हणजे म्हातारी धक्क्यानं जाणार, आणि मग ही बातमी खरीच होणार, फक्त माणूस दुसरं. उद्या पोलीस येतील. नाहीतर पोलिसांच्या आधी ईटची माणसं येतील, आणि गल्ली बघत उभी राहील.

मल्लिकार्जुन म्हणाला, "जायचं नाही. वकिलाला विचारू. त्यांनी तुला तिथं कोंडून ठेवलं, मारलं, तर? उगं वाघाच्या गुहेत कशाला?"

"तो माणूस रोज एकदाच फोन करतो हो," शिवकांता म्हणाली. "मारायचं असतं तर आठ दिवस थांबला असता का?"

"मग मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो तिच्याबरोबर निघाला. ढोकीमार्गे तेरला पोचायला अकरा वाजले. एस्टीतून उतरता उतरताच तिला फ्लेक्स दिसला. तो कुणी काढला नव्हता. एका बाजूची दोरी तुटून कोपरा लोंबत होता, आणि त्यावर तोच फोटो होता, सरांनी पाठवलेला. खाली पंधरा तरुणांचे पासपोर्ट फोटो. ती तिथंच थांबली. मल्लिकार्जुननं तिचा दंड धरून तिला पुढं नेलं.

घर गावाच्या कडेला होतं. अंगणात शेळ्या बांधलेल्या. नंदीशनं दार उघडलं आणि बाजूला झाला.

आत बाजेवर एक उंच, वाळलेला म्हातारा बसला होता. फोटोतल्या मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या. डोळे लाल, सुजलेले. त्याच्या पायाशी जमिनीवर म्हातारी बसली होती, हरणाबाई. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी, डाव्या मनगटावर काचेनं कापल्याची खपली. तिचा एक हात म्हाताऱ्याच्या पावलावर होता. पाहुणे आले तरी तिनं तो काढला नाही.

शिवकांतानं वाकून नमस्कार केला. बोलायचं म्हणून पाठ केलेलं सगळं तोंडातच वाळून गेलं. "मी... माझी चूक झाली, बाबा."

"बसा," शिवशंकर म्हणाला. "भिऊ नका. तुमाला कुणी हात लावणार न्हाय."

मल्लिकार्जुन उंबऱ्याजवळच बसला.

"झोप न्हाय मला," म्हातारा म्हणाला. "नऊ दिस झाले. ही झोपूच दिना. डोळा लागला की नाकाफुडं हात धरती, छाती हालवती, उठा म्हनती. त्या दिशी म्या दुपारचा निजलेलो असतानाच ती खबर तिला कळली ना. म्हून आता म्या निजलो की तिला वाटतंय, गेलो. म्या सिनेमात शंभरदा मेलोय, बाई. तंबूतल्या टूरिंग टाकीत हिच्या शेजारी बसून म्या मला मरताना दावलंय. तवा ही हसायची."

हरणाबाई पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी हळू होता. "ते खोटं असतंय, ठावं असायचं मला. हे छापून आलं."

"बांगड्या भरून घ्यायला तयार न्हाय," म्हातारा म्हणाला. "म्हनती, एकदा फुटलेला चुडा भरला तर देव म्हनंल, हिला कळलं न्हाय वाटतं, आता खरंच दावतो. आधी म्या हिला येड्यात काढलं. पन नऊ दिस न झोपता काढा बरं. आता मलाबी भ्या वाटाय लागलंय. वाटतंय, मुंबईच्या कागदात आलंय म्हंजी कुणाला तरी कायतरी दिसलं आसंल." तो पुढं झुकला. "म्हून तुमाला बोलावलं. हिला सांगा, तुमाला कुणी सांगितलं?"

इतकी वर्षं शिवकांता ज्या प्रश्नाला भीत होती तो आज कुणीतरी विचारला होता, आणि विचारणारा रागावलेलाही नव्हता.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मुंबईहून एक फोटो आला आणि एक ओळ. शिवा गेला म्हणून. मी विचारलं नाही."

हरणाबाईनं मान वर केली. "सपान पडलं व्हतं का?"

"नाही, मावशी."

"पहाटं गेले, आसं लिवलंय तुमी. पहाटंचं कसं कळलं?"

"पहाटेच लिहितो आम्ही. बरं दिसतं म्हणून."

"आनि आजार? ह्यांना आजार व्हता, आसं लिवलंय. म्या तवापून इचार करायलेय, कंचा आजार. माज्यापून लपवलाय का काय."

"अल्पशा आजारानं, असं सगळ्यांनाच लिहितो," शिवकांता म्हणाली. "मला काही माहीत नव्हतं. आजाराचं नाही, पहाटेचं नाही. मुलं, सुना, नातवंडं लिहिलं तेही..."

"आमाला लेकरू न्हाय," हरणाबाई म्हणाली.

बाहेर एक शेळी ओरडली. शिवकांतानं खाली मान घातली. रडू येत होतं, पण इथं रडण्याचा हक्क आपला नाही, असं तिला वाटलं.

म्हातारी मात्र तिच्याकडं रोखून बघत होती. जणू काहीतरी हाताला लागलं होतं. "मग तुमाला काईच ठावं न्हवतं," ती सावकाश म्हणाली.

"काहीच नाही."

"परत सांगा."

"काहीच ठाऊक नव्हतं, मावशी. मी घरात बसून लिहिलं. दहा मिनिटांत."

"दावा मला. कसं लिवता ते."

शिवकांतानं फोन काढला. तिनं तारकादर्पण उघडलं आणि आपलं नाव असलेलं पहिलं परीक्षण काढलं. हरणाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती वाचून दाखवू लागली. नायकाचा अभिनय डोळ्यांत पाणी आणतो. शेवटच्या अर्ध्या तासात प्रेक्षक खुर्चीला खिळून राहतो.

"बगितलाय का तुमी?"

"नाही."

"मग डोळ्यांत पानी कुणाच्या आलं?"

"कुणाच्याच नाही."

"दुसरं वाचा."

तिनं दुसरं वाचलं. एक नटी रागानं सेटवरून निघून गेल्याची बातमी. सेटवर कोण होतं, म्हातारीनं विचारलं. ठाऊक नाही. तिसरं, चौथं. प्रत्येकाला हरणाबाईचा तोच प्रश्न आणि शिवकांताचं तेच उत्तर. उंबऱ्याजवळ नवरा ऐकत होता. सहा वर्षं तो गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत आला होता की आमच्या मंडळी मुंबईच्या मासिकात लिहितात. शिवकांताला त्याच्याकडं बघवेना. तिचं एकेक वर्ष म्हातारीपुढं पडत होतं आणि प्रत्येकाखाली पोकळ जागा निघत होती. दहावं की अकरावं चाललं असताना हरणाबाईनं हात वर केला.

"पुरं," ती म्हणाली. नवऱ्याकडं वळून म्हणाली, "ह्या बाईला काय बी म्हाईत न्हाय. देवाचं तर लांबच."

शिवशंकर काहीतरी आठवत होता. "बाई, एक सांगा. मुंबईहून ओळ आली की शिवा गेला. मग गेला कोन?"

शिवकांताला कळलं नाही.

"आमच्यात दोन शिवा व्हते. म्या आन अक्कलकोटकडचा शिवशरण. पाटीवर दोगांचंबी नाव शिवाच. लोकं गल्लत करायची. त्यो फोटो माजा हाय, पन खबर त्याची न्हाय ना?" त्यानं बाजेची कड धरली. "मेलं कोन, हे तुमी आजून इचारलंच न्हाय?"

नाही विचारलं. नऊ दिवस ती स्वतःसाठी भीत होती. कुणीतरी खरंच मेलं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

नंदीशनं जुनी वही शोधून शिवशरणच्या घरचा नंबर काढला. तेवढ्यात म्हातारा बसल्या बसल्याच भिंतीला टेकला आणि त्याचा डोळा लागला. हरणाबाईचा हात सवयीनं त्याच्या नाकापुढं गेला. तिथं तो थोडा थांबला. हाताला श्वास जाणवला असावा, पण तिनं त्याला हलवलं नाही. शिवकांता आणि मल्लिकार्जुन पाय न वाजवता बाहेर आले. बांगड्यांचं विचारायचं धाडस शिवकांताला झालं नाही.

येडशीला येईपर्यंत मल्लिकार्जुन एकच वाक्य बोलला. "मी पण ती परीक्षणं वाचून लोकांना सांगायचो, हा बघा, हा बघू नका."

संध्याकाळी तिनं नंबर लावला. दोनदा लावून तोडला. मेलेल्या माणसाच्या घरी फोन करणं तिला जमेना. आणि तो जिवंत असला तर? तिसऱ्या खेपेला एका बाईनं उचलला, आवाज घोगरा होता. शिवकांतानं नाव, गाव सांगितलं आणि विचारलं, "शिवशरणरावांचं... खरंय का?"

"व्हय," पलीकडून आलं. "दहा दिवस झाले. तुमाला कसं कळलं? कुटंच आलं न्हाय हो. दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो आला."

त्या बाईकडून तिनं सगळं विचारून घेतलं. कशानं गेले, कुठं, शेवटचं काम कोणतं. पाठीचा मणका एका उडीत कसा मोडला, आणि त्या सिनेमाच्या पाटीवर नावही कसं नव्हतं. तो सिनेमा तिनं शोधून काढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. ती उडी पाच सेकंदांची होती. मग तिनं तेरला फोन करून शिवशंकरकडून खात्री करून घेतली. त्यानं तीन चुका काढल्या. लेख पुरा व्हायला बारा दिवस लागले. गौरीशंकर सरांनी एका ओळीत कळवलं, 'छान आहे, पण हे कोण वाचणार?' धाराशिवच्या एका छोट्या दैनिकानं रविवारी तो अर्ध्या पानात छापला, दुरुस्तीसकट. शिवा तेरकर हयात आहेत, चूक माझी होती, असं तिनं स्वतःच्या नावानं लिहिलं होतं.

ज्या दिवशी तो छापून आला त्या दिवशी तिला पुन्हा दारामागं उभं राहावंसं वाटलं. कुणी आलं नाही.

ती आता प्रत्येक बातमीआधी फोन करते आणि सिनेमा पाहिल्याशिवाय लिहीत नाही. दिवसाला बाराच्या जागी आठवड्याला दोन होतात. तारकादर्पणनं तिला दोन महिन्यांत काढलं. दैनिकाच्या पुरवणीत तिचं सदर सुरू आहे. मल्लिकार्जुन तिला शुक्रवारी मोटारसायकलवरून धाराशिवला नेतो आणि तिच्या शेजारी बसून सिनेमा पाहतो. मध्येच तो विचारतो, "हे लिहिणार का?" तिला बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

भीती गेलेली नाही. लेख पाठवायच्या आधी ती प्रत्येक नाव तीनदा वाचते, आणि कुणाच्या नावापुढं 'कै.' लिहायची वेळ आली की तिचा हात आजही थांबतो. हरणाबाईनं चैत्रात बांगड्या भरल्याचं नंदीशनं फोनवर सांगितलं. दुपारी मात्र ती अजून नवऱ्याच्या बाजेजवळच बसते, असंही तो म्हणाला.